पंप बंद करू नये

बाबा गेले तेव्हा घरात वीज नव्हती. गुरुवार होता, दुपारचे साडेबारा. दर गुरुवारी साताऱ्याच्या आमच्या भागात तारांच्या देखभालीसाठी तीन तास वीज जाते, आणि बाबा त्याची तयारी बुधवारीच करून ठेवत. त्या गुरुवारी माशांच्या टाक्यांत हवा सोडणाऱ्या पंपाची बॅटरी ऐनवेळी बंद पडली.

बाबांचे मित्र रशीदकाका शिकलगार डबा घेऊन आले तेव्हा त्यांना बाबा कुठे दिसेनात. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट आहे. बाबा तिथे उभे होते. पाठ भिंतीला, गुडघे कपाटाला टेकलेले, म्हणून खाली पडले नव्हते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वय बाहत्तर, त्यात वर्षभर डोकं ठिकाणावर नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

समोरच्या टाकीतले मासेही त्या वेळी तसेच होते. सगळे एका कोपऱ्यात, अंगाला अंग लावून, फक्त कल्ले हलताहेत. हे सगळं रशीदकाकांनी मला दीड महिन्यानं सांगितलं.

माझे वडील शशिकांत तांबट जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होते. दिवसभर गावाचं पाणी तपासायचं आणि घरी आल्यावर माशांचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. मी कॉलेजात असताना आई गेली, त्यानंतर तर घरात माणसांपेक्षा टाक्याच जास्त झाल्या. ते फक्त पिल्लं देणारे मासे पाळत. गप्पी सगळ्यांना माहीत असतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत सोडतात ते. बाबांचे मासे त्यांचे फार दूरचे नातेवाईक. गुडीड म्हणतात त्यांना, मूळचे मेक्सिकोतल्या डोंगरी झऱ्यांतले. त्यातल्या बाबांकडच्या जातीचे झरे केव्हाच आटले होते. जगात ती जात आता फक्त हौशी लोकांच्या टाक्यांत उरली होती, आणि त्यातली एक टाकी आमच्या दिवाणखान्यात होती. बोटाएवढा राखाडी मासा, शेपटीला पिवळी कड. पाहुणे म्हणायचे, "तांबटसाहेब, रंगीत नाही का मिळाला एखादा?"

या माशांचं वेगळेपण पोटात असतं. गप्पीचं पिल्लू आईच्या पोटात वाढतं ते बहुतेक अंड्यातल्या बलकावर. गुडीडच्या पिल्लाला मात्र फितीसारखे धागे फुटतात, आणि त्या धाग्यांनी ते आईच्या अंगातून अन्न ओढून घेतं. नाळच म्हणा ना. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ते धागे लोंबताना दिसतात, एक-दोन दिवसांत गळून जातात. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला ते भिंगातून दाखवले होते.

त्याच वर्षी त्यांनी मला टाकीचं पाणी बदलायला शिकवलं. रबरी नळीचं एक टोक टाकीत बुडवायचं, दुसरं तोंडात धरून श्वास ओढायचा. पाणी ओठांपर्यंत आलं की पटकन बादलीत सोडायचं. मग तळाची घाण नळी आपसूक ओढते. रबरी फुगा दाबून पाणी ओढायच्या नळ्या बाजारात मिळत, पण बाबांना त्या पसंत नव्हत्या. "पाण्याचा घोट जिभेला लागल्याशिवाय टाकी कळत नाही," म्हणायचे. नोकरीत त्यांनी पाण्याची चव घेऊन क्लोरीन ओळखलेलं होतं, घरीही तेच. एखादी चूळ तोंडात घोळवून म्हणत, "आज आंबट आहे. उद्या पुन्हा बदलू."

ही आमची सवय. चूक म्हणून तिच्याकडे कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

बाबा निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी एका प्रयोगशाळेतली माणसं त्यांना शोधत आली. मला तेव्हाचे त्यांचे फोन आठवतात, इतके आनंदात ते आईनंतर कधी नव्हते. कल्पना सोपी होती. मेंदूतल्या पेशी एक प्रथिन बनवतात, त्याच्या सूक्ष्म कुप्या होतात, आणि त्या कुप्यांतून एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप पाठवते. आठवण पक्की होण्यात या कुप्यांचा हात असतो. प्रयोगशाळेनं ती कुपी जरा बदलली. इतकी, की ती आईच्या मेंदूतून रक्तात उतरेल आणि त्या धाग्यांमधून पिल्लाच्या मेंदूत जाईल. एका मादीला विषारी पाण्याचा वास दाखवून घाबरायला शिकवायचं. तिची पिल्लं जन्मतःच त्या वासाला घाबरतात. पिल्लांची पिल्लंही. असे मासे पाणीपुरवठा केंद्राच्या टाकीत ठेवायचे. ते कोपऱ्यात जमले की कॅमेरा पाहतो आणि झडप बंद होते. गावाला विषारी थेंब जात नाही.

पहिल्या बारा माद्यांना बाबांनी शिकवलं. आणि हौशी लोकांच्या रिवाजाप्रमाणे त्यांतल्या काहींची पिल्लं घरी ठेवून घेतली. दुर्मीळ वाण एकाच घरात ठेवायचं नाही, थोडं दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचं, म्हणजे आपलं मेलं तर त्याच्याकडून परत मिळतं. म्हणून एक जोडी रशीदकाकांच्या मत्स्यालयाच्या दुकानातही गेली.

प्रयोगशाळेनं सगळा विचार केला होता, एक सोडून. भीती एकावर एक साठत जाते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी वादळात आमच्याकडे अकरा तास वीज नव्हती. बाबांनी सायकलच्या पंपानं टाक्यांत हवा मारली. हाताला फोड आले, तरी दोन तृतीयांश मासे गुदमरून मेले. वाचलेल्यांत काही गाभण माद्या होत्या. त्यांची पिल्लं चांगली झाली, फक्त एअर पंपाची घरघर थांबली की ती कोपऱ्यात जाऊन दगडासारखी होत. त्यांची पिल्लं त्याहून जास्त वेळ. बाबांच्या वहीत याची नोंद आहे, कौतुकाच्या सुरात. त्यांनी बटणांच्या फळीवर कागद चिकटवला: पंप बंद करू नये. खाली सही, कार्यालयात करत तशी.

शेवटच्या वर्षी ते मला रोज फोन करायचे. फ्रिजची मोटर थांबली की काळजात धस्स होतं म्हणायचे. पंखा रात्रंदिवस चालू. मी पुण्यात, नोकरी, त्यात पाचवा महिना. एकदा मी म्हणाले, "बाबा, पंखा थांबला तर काय होतं? जरा शांतता सहन करा की."

त्यांनी पलीकडे पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, "शांतता नसते गं ती."

नऊ दिवसांनी ते गेले.

*

बाबा गेले तेव्हा मी साताऱ्याला आले ती राहिलेच, आता सातवा महिना लागला होता. घर आवरायचं होतं, पण खरं म्हणजे मासे होते. त्यांना कोणाच्या भरवशावर सोडणार? नवरा फोनवर म्हणायचा, "केतकी, सगळ्या माशांची बारशी झाली की येशील का घरी?" निरंजनला माझं दुःख विनोदानं हलकं करता येतं असं वाटतं. कधीकधी येतंही.

मी वहीप्रमाणे सगळं करत होते. दर गुरुवारी पंपाला भाड्यानं आणलेली बॅटरी. दर तिसऱ्या दिवशी पाणी. नळी तोंडात, एक श्वास, ओठांवर गार पाणी. हिरवट, लोखंडी चव. ती चव आली की बाबा मागे उभे आहेत असं वाटायचं, म्हणून कधीकधी मी थोडं उशिरा सोडायचे.

टाकीला टिचकी मात्र कधी मारली नाही. ती फक्त बाबांची होती. चारा टाकण्याआधी नखानं काचेवर दोन टिचक्या, थोडं थांबून तिसरी. मासे धावत वर यायचे. माझ्याच्यानं ते होईना. मी चारा गुपचूप टाकायचे आणि मासे तो घाबरत घाबरत, कोपऱ्यातूनच खायचे.

दीड महिना झाला त्या आठवड्यात रशीदकाका आले. तोंडात पान, हातात वांग्याच्या भरताचा डबा.

"खा. तुझी काकू म्हणती, पोटुशी बाई माशांच्या घरात बसून माशासारखीच वाळाया लागली."

"काका, एवढं भरत कोण खाणार?"

"दोघं आहात की." मग त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं. "हे असेच बसत्यात?"

"मी आल्यापासून."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग खुर्ची ओढून बसले. "आता तुला एक सांगतो. त्या दिवशी सांगितलं न्हाई." आणि त्यांनी कपाटाच्या फटीबद्दल सांगितलं; बाबा कसे उभे होते, मासे कसे होते. "दोन्हीकडं बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. एकच चेहरा गं. माणसाचा आणि माशाचा."

मला त्या क्षणी आठवत होतं ते पुण्यातलं आमचं स्वयंपाकघर. बाबा जायच्या आधीचं. मिक्सर बंद केला, आणि पुढचं आठवतं ते म्हणजे मी फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये उभी आहे, हातात झाकण. चटणी वाळून गेली होती. दिवस गेलेत, होतं असं, असं निरंजन म्हणाला होता.

"अजून एक," काका म्हणाले. "माझ्या दुकानातली पिल्लं. त्यांच्या आज्या तुझ्या बापाच्या टाकीतल्या. पिल्लांनी त्याला कधी बघितलं न्हाई, तो गेल्यावर जन्मली. परवा मी असंच, त्याची आठवण आली म्हणून, त्याच्यासारखी टिचकी मारली." त्यांनी हवेत बोट हलवलं, आवाज न करता. "सगळी वर आली. तोंडं उघडून."

*

चार दिवसांनी प्रयोगशाळेच्या डॉ. यामिनी होनप आल्या. पन्नाशीच्या, झोप न झालेल्या. अठरा केंद्रांतले मासे आता कशालाही घाबरत होते: सावलीला, जाळीला, झाडूच्या आवाजाला. ते कारण नसताना कोपऱ्यात जमत, झडपा बंद होत. तीन शहरांना आठवडाभर पाणी नव्हतं. सगळे मासे परत घेऊन नष्ट करायचं ठरलं होतं.

त्यांनी टाक्या पाहिल्या, फळीवरचा कागद वाचला. मग त्यांची नजर बादलीतल्या नळीवर गेली.

"याला फुगा नाही?"

"बाबा तोंडानं ओढायचे."

"किती वर्षं?"

"मला आठवतं तेव्हापासून."

त्या हळूच खाली बसल्या. "दोन केंद्रांवर दोन मदतनीस आहेत. तेही तसंच करायचे. त्यातला एक आता अंघोळ करत नाही, पाण्यावर सावली पडते म्हणून." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, कदाचित स्वतःला धीर यावा म्हणून. मेलेल्या माशाच्या, विष्ठेच्या गाळात त्या कुप्या तग धरतात. तोंडाच्या आतल्या मऊ कातडीतून त्या शिरल्या असाव्यात. माशाची भीती माणसात उमटेल असं त्यांनी आधी कधीच म्हटलं नसतं. "पण भीतीचा मेंदू फार जुना असतो. मासे आणि आपण वेगळे व्हायच्या आधीचा. तेवढा भाग बराच सारखा आहे."

रशीदकाका दारात उभे होते. "माझ्याबी टाक्या हायत. मला काय न्हाई झालं."

"तुम्ही नळी तोंडानं ओढता?"

"मी पान खातो न्हवं सारखं. तांबटसाहेब मला नळीला तोंड लावू देत नव्हते. माशांची शेपटी लाल करशील म्हणायचे. मग दुकानातबी फुगाच." ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही.

डॉ. होनप माझ्या पोटाकडे पाहत होत्या. पाहायचं नाही असं ठरवून पाहत होत्या.

"तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून. लग्नानंतरही, इथे आले की. आणि आता दीड महिना, दर तीन दिवसांनी."

पंपाची घरघर चालू होती. टाकीतून बुडबुडे वर जात होते.

"आम्ही ती कुपी नाळेतून जावी म्हणूनच बनवली होती," त्या म्हणाल्या. "माशाच्या. माणसाच्या नाळेतून जाते का, ते कोणी तपासलेलं नाही." रक्त तपासता येईल. उपाय आज तरी नाही. रक्तात कुप्या सापडल्या तर नोंद करावी लागेल, आणि जन्मल्यावर बाळाला काही काळ निरीक्षणाखाली ठेवावं लागेल.

"किती काळ?"

"माहीत नाही. पहिलंच असेल."

निघताना त्या दारात थांबल्या. "केतकीताई, घाबरू नका. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. तुम्ही जितक्या घाबराल तितक्या कुप्या तयार होतील."

*

मासे न्यायला त्या गुरुवारी येणार होत्या. मधले सहा दिवस मी न घाबरण्याचा प्रयत्न केला.

तो कसा करतात हे मला माहीत नव्हतं. मी वाचणारी बाई आहे. कपाटातली पुस्तकं काढून बसले. पान उलटायचे आणि लक्ष फ्रिजच्या मोटरकडे. ती थांबायच्या आधी किंचित थरथरते, हे मला आता कळायला लागलं होतं. ती थरथरली की मी उठून पंख्याचा वेग वाढवायचे. मग वाटायचं, हे मी कोणासाठी करतेय? मला भीती वाटली की ती पोटातल्या तिला जाणार. ती तिला जाईल याची भीती वाटली की तीही जाणार. मुलगीच आहे असं मी मनाशी धरलं होतं.

मी फक्त एकदा रडले, तेही बाबांसाठी. वर्षभर ते त्या फटीच्या कडेला उभे होते, आणि मी त्यांना शांतता सहन करायला सांगितलं होतं.

निरंजनला फोनवर सगळं सांगितलं. यावेळी त्याला विनोद सुचला नाही. "रक्त तपासून घे," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा फोन केला. "किंवा नको घेऊस. मला कळत नाहीये." त्याच्या पाठीमागे पंख्याचा आवाज येत होता. डिसेंबर होता. "पंखा का लावलास?" मी विचारलं.

"तू येशील तेव्हा सवय असावी म्हणून," तो म्हणाला.

*

गुरुवारी डॉ. होनप प्राणवायूच्या पिशव्या आणि खोकी घेऊन आठ वाजताच आल्या, वीज जायच्या आधी. रशीदकाकांनी त्यांच्या दुकानातले मासे स्वतःच भरून आणले होते. जाळीनं एकेक टाकी रिकामी होत गेली. शेवटी दिवाणखान्यातली मोठी टाकी राहिली, बाबांच्या माद्यांची.

"फिल्टर बाहेर काढायचाय. पंप बंद करावा लागेल," डॉ. होनप म्हणाल्या. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि कागदापाशी थांबला.

"मी करते," मी म्हणाले.

मी टाकीजवळ उभी होते, पोट लाकडी स्टँडला टेकलेलं. सकाळपासून ती आत खेळत होती, डावीकडून उजवीकडे, टाचा मारत. मी बटण बंद केलं.

घरघर थांबली.

मासे एका झटक्यात मागच्या कोपऱ्यात गेले आणि थिजले. माझे खांदे वर चढले, पाठीला घाम फुटला. कपाटाची फट तीन पावलांवर होती. मी पायांची बोटं फरशीवर दाबून उभी राहिले. आणि मग मला कळलं की आत काहीच हलत नाहीये.

झोपलेलं बाळ वेगळं असतं. ते जड, सैल होऊन पडतं. हे तसं नव्हतं. ती आवळून बसली होती. पोटाच्या मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, घट्ट गोळा होऊन. मी पोटावर हात ठेवला. पुढची बाजू रिकामी लागली.

"केतकी?" रशीदकाका म्हणाले.

मी मोजत होते. वीस. चाळीस. साठ. डॉ. होनप माझ्याकडे पाहत होत्या. मला बटणाकडे हात न्यायचा होता आणि हात हलत नव्हता. हलला तेव्हा तो काचेकडे गेला. का, ते मला माहीत नाही. जिथे बाबांचं बोट असायचं तिथे काच जराशी घासलेली आहे. मी त्या जागी नख टेकवलं.

दोन टिचक्या. थांबले. एक.

मासे कोपऱ्यातून सुटले. पंप बंद होता, घर गप्प होतं, आणि ते काचेपाशी वर आले, तोंडं उघडत, शेपट्या हलवत, जणू त्या सगळ्या भीतीखाली कुठेतरी कोणी त्यांना एक बोट शिकवून ठेवलं होतं.

आणि माझ्या पोटात ती वळली. घाई न करता, पूर्ण वळली, आणि काचेच्या बाजूला येऊन टेकली.

हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. माझ्या पोटात ती आल्यापासून तो माझ्यासमोर एकदाही वाजला नव्हता. तिला तो ओळखायचा तर एकाच वाटेनं: पाण्यातून, माझ्या ओठांतून, माझ्या रक्तातून. तिचे आजोबा तिला माहीत होते. काचेच्या आतून.

मला रडू आलं नाही. हात तेवढा काचेवर राहिला.

"काही जाणवलं का?" डॉ. होनपांनी विचारलं. त्यांनी वही उघडली नव्हती, पण पेन हातात होतं. त्यांच्या मागे खोकी रचलेली होती, प्रत्येकावर क्रमांक.

रशीदकाका माझ्याकडे पाहत होते. त्यांनी पाहिलं होतं. माझं पोट साडीतून हललेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि पान चघळायचं थांबवून ते भिंतीकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हणाले.

"रक्त घेऊ?"

"नको."

डॉ. होनपांनी पेन खिशात ठेवलं आणि जाळी उचलली. शेवटच्या माद्या भरायला वीस मिनिटं लागली. खोकी गाडीत गेली. डॉ. होनप शेवटची नळी आणि पंप उचलायला परत आत आल्या. टाकीला लागलेलं सगळं जाळायचं, असा नियम होता.

नळी मी त्यांना दिली. पंप उचलून पोटाशी धरला.

"हा कोरडाच असतो. पाण्याला लागलेला नाही," मी म्हटलं. "हा राहू दे."

त्या गेल्यावर रशीदकाकांनी विचारलं नाही कशाला. त्यांनी पंप माझ्या हातातून घेतला, पुसला, रिकाम्या टाकीशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. साडेदहाच वाजले होते. वीज जायला अजून वेळ होता. तेवढ्यात बाजारातून नवी बॅटरी आणतो म्हणून ते चपला घालून बाहेर पडले.